७५ लाखांची एम३४०आय, ६ लाखांचा फरक: एका सौद्याचा पूर्ण हिशोब

डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या आतेभावाने बीएमडब्ल्यू एम३४०आय घेतली. त्याचा नाशिकला अंबड एमआयडीसीत छोटा टूलरूम आहे, दिवसभर स्टीलचे, हीट ट्रीटमेंटचे, जॉबवर्कचे भाव पाडणं हेच काम, तरी गाडीच्या शोरूममध्ये शिरला की हा माणूस एकदम गप्प होतो. म्हणून मला फोन केला, "दादा, तू बस ना सोबत, मला तिथे आकडे सुचत नाहीत." मला गाड्यांचं वेड आहे आणि कोटेशनचे कागद ओळ न् ओळ वाचायची सवय आहे, मी लगेच हो म्हटलं. सगळा व्यवहार मी लिहून ठेवला होता तो इथे मांडतोय, शोरूमची नावं देणार नाही, त्याची गरजही नाही, कारण हे सगळं कमीजास्त प्रमाणात सगळीकडे असंच चालतं.

आधी गाडीबद्दल. तीन लिटर सहा सिलिंडर टर्बो पेट्रोल, ३७४ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ४.४ सेकंदात. चेन्नईला असेंबल होते म्हणून या किमतीत मिळते, पूर्ण इम्पोर्ट झाली असती तर कुठल्या कुठे गेली असती. मार्च २०२१ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि इन्शुरन्स धरण्याआधीची किंमत, ६२.९० लाख होती, डिसेंबर २०२२ च्या फेसलिफ्टला ६९.२० झाली, मधल्या दरवाढीने ७२.९० वर गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे रंग आणि किरकोळ बदल घेऊन ७४.९० लाखांना आली. या शेवटच्या बदलात इंजिन तेच, पॉवर तीच. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा काही शोरूममध्ये ७२.९० वाला जुना स्टॉकही उभा होता आणि नवीनही येत होता. सौदा करायला ही वेळ फार चांगली असते, पण गोंधळ उडायलाही हीच वेळ, कारण दोन वेगळ्या किमतीच्या गाड्या आणि दोन वेगळे डिस्काउंट एकाच टेबलावर येतात.

पहिल्या शोरूमचं कोटेशन जसंच्या तसं सांगतो. एक्स-शोरूम ७४,९०,०००. आरटीओ टॅक्स १३ टक्क्यांनी ९,७३,७०० (महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर, हाच दर). इन्शुरन्स ३,१८,०००. टीसीएस (शोरूमने आपल्या पॅनवर आयकर खात्याकडे भरायचा टॅक्स) १ टक्का म्हणजे ७४,९००. एक्स्टेंडेड वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज मिळून २,६५,०००. ॲक्सेसरीज आणि कोटिंग १,१०,०००. "लॉजिस्टिक्स अँड हँडलिंग" ४५,०००. रजिस्ट्रेशन फी, नंबरप्लेट, फास्टॅग वगैरे १५,०००. बेरीज ९२,९१,६००, त्यातून "स्पेशल इयर एंड डिस्काउंट" २ लाख वजा, ऑन-रोड ९०,९१,६००. खाली सेल्सवाल्या मुलाने पेनने गोल केला होता आणि तो म्हणत होता, "सर, हे बेस्ट आहे, जानेवारीत कंपनी ३ टक्के वाढवतेय."

दरवाढीची गोष्ट खरी होती. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी तिघांनीही १ जानेवारी २०२५ पासून ३ टक्क्यांपर्यंत दरवाढ जाहीर केली होती. ७४.९० वर ३ टक्के म्हणजे सव्वादोन लाख. भीती घालायला पुरेसा आकडा. पण त्याच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शोरूमचाही तिमाहीचा आणि वर्षाचा टार्गेट भरायचा असतो, कंपनीकडून येणारा बोनस त्यावर ठरतो, आणि ३१ तारीख उलटली की यार्डातली प्रत्येक न विकलेली गाडी "मागच्या वर्षीची" होते. म्हणजे घाई दोन्हीकडे होती. आतेभावाला फक्त स्वतःची घाई दिसत होती, समोरच्याची दिसत नव्हती, आणि हे बहुतेक गिऱ्हाइकांचं होतं, विशेषतः टेस्ट ड्राइव्ह करून आल्यावर. त्याला मी एवढंच सांगितलं की टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी पैशांचा विषय काढायचाच नाही. त्या दिवशी चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं.

मग आम्ही घरी बसून तो कागद फोडला. त्याची बायको सीएच्या ऑफिसात काम करते, तिचा इथे फार उपयोग झाला. पहिला प्रश्न तिनेच काढला की गाडी फर्मच्या नावावर घ्यायची का, कारण त्याची प्रायव्हेट लिमिटेड आहे. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी घेतली की आरटीओ टॅक्स २० टक्के, म्हणजे १४,९८,०००, वैयक्तिकपेक्षा ५,२४,३०० जास्त. पॅसेंजर गाडीवर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. घसारा मिळतो, १५ टक्के, पण डिसेंबरात घेतली तर त्या आर्थिक वर्षात १८० दिवस भरत नाहीत, मग पहिल्या वर्षी अर्धाच. गाडी खरंच धंद्याच्या कामाला रोज लागणार असेल तर पुढच्या वर्षांचा घसारा धरून हे गणित वेगळं येऊ शकतं, ते आपल्या सीएकडून करून घ्या. इथे गाडी रविवारी पहाटे कसारा घाट आणि इगतपुरीसाठी होती, टूलरूमशी तिचा काही संबंध नव्हता, त्यामुळे तिने सरळ सांगितलं, स्वतःच्या नावावर घे आणि झोप शांत ठेव. मला ते पटलं.

आता जीएसटी, कारण इथेच सौद्याची खरी किल्ली आहे आणि लोक याकडे बघतच नाहीत. तेव्हा या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के सेस, मिळून ४८ टक्के होता. म्हणजे ७४.९० ला १.४८ ने भागा, गाडीची मूळ किंमत येते ५०.६१ लाख, आणि २४.२९ लाख टॅक्स. आता शोरूम जर इन्व्हॉइसवरच किंमत कमी करून देत असेल तर टॅक्सही त्या कमी किमतीवर लागतो. तुम्हाला ४.२५ लाख कमी झाले तर त्यातले मूळ किमतीतून जातात २.८७ लाख आणि उरलेले १.३८ लाख हा न लागलेला टॅक्स आहे. पण तेच ४.२५ लाख "फ्री ॲक्सेसरीज, फ्री इन्शुरन्स, व्हाउचर" अशा रूपात दिले तर इन्व्हॉइस पूर्ण ७४.९० चंच बनतं, टॅक्स तुम्ही पूर्ण भरता, आणि वर त्या ॲक्सेसरीजची किंमत तेच ठरवतात. म्हणून आमची पहिली अट हीच होती, जे काही द्यायचं ते इन्व्हॉइसवर, एक्स-शोरूममध्ये. आरटीओ टॅक्स मात्र सगळ्यांनी लिस्ट प्राइसवरच धरला होता आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला, त्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

इन्शुरन्सवर घालवला. नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते, १५०० सीसीच्या वरच्या गाडीला तिचा दर तेव्हा २४,५९६ रुपये अधिक जीएसटी होता, आणि तो सरकारने ठरवलेला असतो, कुठेही घ्या तोच. म्हणजे ३.१८ लाखांत जो काही खेळ आहे तो ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑनमध्येच आहे. नवीन गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, इथे ७१,१५,५००. बाहेर भाव काढताना हीच आयडीव्ही आणि तेच ॲड-ऑन धरायचे, झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणं), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस, टायर, की रिप्लेसमेंट, नाहीतर आयडीव्ही खाली ओढून कोणीही स्वस्त पॉलिसी दाखवतं आणि आपण खूश होतो. सगळं सारखं ठेवून बाहेर २,१४,००० मध्ये पॉलिसी मिळाली, म्हणजे १,०४,००० चा फरक, आणि पॉलिसी तीच, कॅशलेसही तीच. शोरूमने "सर, बाहेरची पॉलिसी घेतली तर क्लेमला प्रॉब्लेम येतो" हे म्हणून बघितलं. पॉलिसी कुठून घ्यायची हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, शोरूम जबरदस्ती करू शकत नाही. कॅशलेसच्या यादीत त्यांचंच वर्कशॉप आहे की नाही तेवढं विमा कंपनीकडून मेलवर लिहून घेतलं, विषय संपला.

मग मी तीन शोरूमना एकच व्हॉट्सॲप मेसेज पाठवला. शब्द थोड्याफार फरकाने असे होते: "अपडेटेड एम३४०आय, आर्क्टिक रेस ब्लू किंवा काळा. मॅन्युफॅक्चरिंग ऑक्टोबर २०२४ किंवा नंतरचं. इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीज आम्ही बघू, एक्सचेंज नाही, लोन आमच्या बँकेचं. हँडलिंग चार्ज देणार नाही. इन्व्हॉइसवर फायनल एक्स-शोरूम किती ते एकाच आकड्यात सांगा. आकडा जमला तर २८ डिसेंबरच्या आत पूर्ण पेमेंट." या मेसेजचा उपयोग असा की उत्तरं एकमेकांशेजारी ठेवता येतात. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीचं कोटेशन दिलं की आपण चार दिवस बेरजाच करत बसतो आणि शेवटी ज्याचं डिस्काउंट मोठं दिसतं त्याच्याकडे जातो.

दुसरी शोरूम त्याचं नमुनेदार उदाहरण. त्यांनी फोन करून सांगितलं, "सर, आमच्याकडे ६ लाख ऑफ आहे." आतेभाऊ उडालाच. विचारत विचारत गेलो तेव्हा ती ७२.९० ची जुन्या स्टॉकची गाडी निघाली, बनलेली फेब्रुवारीत, आणि ६ लाखांत कॅश ३ लाखच होते. बाकीच्यात १ लाख एक्सचेंज बोनस (जुनी गाडी त्यांनाच दिली तर), ७५ हजार त्यांच्याच फायनान्सचे, ७५ हजार त्यांच्याच इन्शुरन्सचे, ५० हजारांच्या ॲक्सेसरीज. म्हणजे आमच्यासाठी गाडी ६९.९० ला. दहा महिने उन्हात उभी राहिलेली गाडी, बॅटरी आणि टायर तेवढेच जुने, आणि वर नवे रंग नाहीत. जुना स्टॉक घेणं वाईट अजिबात नाही, उलट चांगला भाव मिळाला तर शहाणपणाचं आहे, दोन्ही गाड्यांचं मॅन्युफॅक्चरिंग वर्ष २०२४ च लागणार होतं. पण त्यासाठी फरक पुरेसा मोठा हवा. माझ्या मते अशा गाडीत अपडेटेडपेक्षा निदान ३ लाख तरी खाली यायला हवं होतं.

एक्सचेंजचं सांगतो, कारण त्यात सगळ्यात जास्त धूळफेक होते. त्याची जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया एका शोरूमने ९.५० लाखांना धरली आणि वर १ लाख बोनस, एकूण साडेदहा. नाशिकमध्येच एका गिऱ्हाइकाने ११.२५ ला नेली. नवीन आणि जुनी गाडी एकाच टेबलावर आणली की एकीकडे दिलेलं दुसरीकडून काढून घेता येतं आणि आपल्याला कळतही नाही. लोनचंही तसंच, ४० लाख पाच वर्षांसाठी, शोरूमकडून ९.७५ टक्के, त्याच्या बँकेत ९ टक्के. हप्ता ८४,४९७ विरुद्ध ८३,०३३. महिन्याला दीड हजार म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पाच वर्षांत जवळपास ८८ हजार होतात.

तिसऱ्या शोरूमने सगळ्यात स्वच्छ उत्तर दिलं. हँडलिंग नाही, इन्शुरन्स कुठूनही घ्या, इन्व्हॉइसवर ३.५० लाख कमी. फक्त गाडी वेगळ्या रंगाची होती आणि तो रंग आतेभावाला नको होता. पण त्या कोटेशनमुळे आमच्या हातात एक खरा, लिहिलेला आकडा आला. तो आम्ही पहिल्या शोरूमला दाखवला, नाव झाकून. इथे एक कळकळीने सांगतो, खोटं कोटेशन कधी सांगू नका. या लोकांचं जग छोटं आहे, ते एक फोन करून विचारतात, आणि एकदा का तुम्ही फेकताय हे कळलं की पुढे तुमच्या खऱ्या आकड्यालाही किंमत राहत नाही. आमच्यावर त्यांनी विश्वास ठेवला कारण आम्ही जे बोललो ते कागदावर होतं आणि बँकेचं लोन सँक्शन लेटरही बरोबर होतं.

टेबलावर बसलो तेव्हा टीम लीड आणि जीएम दोघं होते. पहिल्यांदा ३ लाखांवर आले, मग ३.५०, मग "सर, याच्या खाली आमचं मार्जिनच जातं." आतेभावाने तिथे फार चांगलं केलं, तो त्याच्या धंद्यातलं बोलला, "साहेब, मी पण जॉब घेतो, लॉसमध्ये कोणी जॉब करू नये. तुम्ही ४.५० ला करू नका, पण ४.२५ ला होत असेल तर मी आज आरटीजीएस करतो." आणि गप्प बसला. जीएम आत गेले, बराच वेळ लागला, आणि ४.२५ ला होकार आला, हँडलिंग शून्य. बदल्यात त्यांनी एक्स्टेंडेड वॉरंटी त्यांच्याकडूनच घ्या म्हटलं, १,४०,०००. ती तशीही घ्यायचीच होती. या वर्गातल्या गाडीला वॉरंटी संपल्यावर उघडं फिरवणं मला धाडसाचं वाटतं, एखादं मोठं काम निघालं तर ही रक्कम किरकोळ ठरते. सर्व्हिस पॅकेज आणि कोटिंग नको म्हटलं.

शेवटचा हिशोब. इन्व्हॉइस ७०,६५,०००. आरटीओ ९,७३,७००. इन्शुरन्स २,१४,०००. टीसीएस ७०,६५०. वॉरंटी १,४०,०००. रजिस्ट्रेशन वगैरे १५,०००. एकूण ८४,७८,३५०. पहिल्या कोटेशनपेक्षा ६,१३,२५० कमी.

आता हा फरक कुठून आला ते बघा. भाव पाडून मिळाले ते २,२५,०००, म्हणजे २ लाखांचे सव्वाचार झाले तेवढेच. बाकीचे ३,८८,२५० बाकीच्या ओळींमधून, इन्शुरन्स १,०४,०००, सर्व्हिस पॅकेज १,२५,०००, ॲक्सेसरीज १,१०,०००, हँडलिंग ४५,००० आणि टीसीएसमधला किरकोळ फरक. यात प्रामाणिकपणे एक म्हणायला हवं की सर्व्हिस पॅकेज घेतलं नाही म्हणजे ते पैसे वाचले असं नाही, सर्व्हिस तर करावीच लागणार, तेव्हा द्यायचे. कोटिंगही त्याने नंतर बाहेरून करून घेतलं. ते दोन्ही वगळले तर तेवढ्याच गोष्टींसाठी ३,७८,२५० कमी दिले. हा मला न्याय्य भाव वाटतो. शोरूमलाही गाडी विकून काहीतरी राहिलं, आणि त्याला पुढे सर्व्हिसला त्याच लोकांकडे जायचंय, तेही माझ्या डोक्यात होतं.

पूर्ण पेमेंटच्या आधी गाडी बघायला यार्डात गेलो, हे मात्र कोणीही सोडू नये. चारही टायरवरचे डॉट कोड वाचले, तीन ३५२४ आणि एक ३४२४, म्हणजे २०२४ च्या पस्तिसाव्या आणि चौतिसाव्या आठवड्यातले, ऑक्टोबरात बनलेल्या गाडीला जुळणारे. ओडोमीटर १९ किलोमीटर. मागच्या बंपरखाली आणि दारांच्या कडांना टॉर्च मारून रंग बघितला, चेसिस नंबर इन्व्हॉइसशी ताडला. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, मॅन्युफॅक्चरिंगचा महिना लिहिलेला असतो, तोही मेसेजमध्ये मागितला होता तोच निघाला. बुकिंग फॉर्मवर "गाडी वरील महिन्याची नसल्यास रक्कम परत" असं हाताने लिहून सही-शिक्का आधीच घेतला होता, त्यामुळे वादाला जागाच नव्हती.

काही जण विचारतील की मर्सिडीजमध्ये असं का करत नाहीत. आतेभावाने आधी तिथेही चक्कर मारली होती. ऑक्टोबर २०२१ पासून मर्सिडीजने भारतात गाड्या स्वतःच्या नावावर ठेवून थेट गिऱ्हाइकाला इन्व्हॉइस करायला सुरुवात केली, देशभर एकच किंमत, डीलर फक्त सेवा देतो. तिथे एक्स-शोरूमवर घासाघीस करायला समोर कोणी नसतं, पण इन्शुरन्स, लोन, एक्सचेंज या ओळी तिथेही असतातच. आणि गाडी मोजकीच येत असेल तर कुठेच काही होत नाही, मे २०२५ मधली ५३ लाखांची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय पहिल्या खेपेत १५० आली, ऑक्टोबर २०२५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस १०० च, तिथे लिस्ट प्राइसला मिळाली आणि कोणी वरून पैसे मागितले नाहीत तर तोच चांगला भाव समजायचा.

टीसीएसचे ७०,६५० जानेवारीच्या शेवटी आतेभावाच्या २६एएस मध्ये (आयकर खात्याकडे आपल्या नावावर जमा टॅक्सच्या नोंदीत) दिसले, पॅन बरोबर टाकला होता म्हणून, ते रिटर्नमध्ये वळते झाले. आज कोणी हाच सौदा करत असेल तर दोन आकडे बदलून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि या गाडीवर सरळ ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे १.४८ च्या जागी १.४० ने भागायचं, आणि ४.२५ लाख इन्व्हॉइसवर कमी करायला शोरूमच्या मूळ किमतीतून आता २.८७ नाही, ३.०४ लाख जातात. आरटीओ टॅक्सची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली, पण ७५ लाखांच्या गाडीला ती लागू पडत नाही, तिथे १३ टक्केच धरा.